विहारयात्रा की धम्मयात्रा? दातिवऱ्याच्या किनाऱ्यावरून एक सवाल

सुट्ट्यांचे दिवस जवळ आले की सहलींच्या जाहिरातींना ऊत येतो. पाच रात्री, सहा दिवस. थायलंड, सिंगापूर, दुबई. आज निघा, पैसे हप्त्याने भरा. आमच्या समाजातही आता चार पैसे राखून असलेला नोकरदार वर्ग उभा राहिला आहे. मराठवाड्यातून, विदर्भातून बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत पोटासाठी आलेल्यांची मुले शिकली, साहेब झाली, सहकुटुंब फिरायला जाऊ लागली. याचा आम्हाला आनंदच आहे. ज्या समाजाला गावकुसाबाहेर राहायला लावले, रस्त्यावरून चालताना स्वतःची सावलीसुद्धा सांभाळायला लावली, तो समाज आज विमानात बसतो, यात कुणाच्या पोटात दुखत असेल तर तो त्याचा प्रश्न. आमचा सवाल वेगळा आहे. आम्ही जातो कुठे? कशासाठी जातो? आणि परत येताना काय घेऊन येतो?

हा सवाल आम्ही पालघर जिल्ह्यातील दातिवऱ्याच्या किनाऱ्यावरून विचारत आहोत. त्याला कारण आहे. दातिवरे म्हणजे वैतरणा नदी समुद्राला मिळते त्या मुखावरचे उत्तर तीरावरील गाव. इथे जुना कोट आहे, सुरूची झाडे आहेत, कोळ्या-मांगेल्यांच्या होड्या आहेत. समोर पाण्यापलीकडे अर्नाळा दिसतो. त्याच्या मागे, आत जमिनीकडे, सोपारा आहे. ज्याला आपण नालासोपारा म्हणून लोकलच्या गर्दीपुरतेच ओळखतो, तेच हे प्राचीन शूर्पारक, पालि ग्रंथांतील सुप्पारक. जगभरची गलबते जिथे लागत, ते पश्चिम किनाऱ्यावरचे थोर बंदर.

याच सोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी एका टेकाडाचे उत्खनन केले. लोक त्या टेकाडाला बुरूड राजाचा कोट म्हणत. आत निघाला स्तूप. दगडी पेटी निघाली, तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुले, भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे आणि बुद्धांच्या आठ लहान धातुमूर्ती निघाल्या. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला. त्याच वर्षी सोपाऱ्यातच सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा एक तुटका तुकडा सापडला. तो होता आठव्या आदेशलेखाचा. पुढे १९५६ साली, म्हणजे ज्या वर्षी बाबासाहेबांनी नागपूरला आम्हाला धम्म दिला त्याच वर्षी, जवळच्या भुईगावात नवव्या आदेशलेखाचाही तुकडा मिळाला.

आता वाचकांनी जरा थांबून विचार करावा. अशोकाचे मोठे आदेशलेख चौदा आहेत. प्राणिहत्येविषयी आहेत, माणसांच्या आणि जनावरांच्या औषधोपचाराविषयी आहेत, कलिंगाच्या युद्धाविषयी आहेत. पण आमच्या सोपाऱ्यात आधी हाती लागला तो आठवा लेख कशाविषयी आहे? तो प्रवासाविषयी आहे! सोपाऱ्याचा तुकडा अपुरा असला तरी गिरनार, कालसी, शाहबाजगढी येथील लेखांवरून संपूर्ण मजकूर माहीत आहे. सम्राट सांगतो की पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, म्हणजे मौजेखातर, शिकारीखातर बाहेर पडत. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर आपण संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. या यात्रेत काय होते तेही तो सांगतो. श्रमण-ब्राह्मणांची भेट आणि त्यांना दान, वृद्धांची भेट आणि त्यांना धनाचा आधार, जनपदातील लोकांची भेट, धम्माचा उपदेश आणि धम्माविषयी विचारपूस. आणि या यात्रेत आपल्याला मौजेपेक्षा अधिक आनंद मिळतो, असेही तो म्हणतो.

सव्वादोन हजार वर्षांपूर्वी या देशाच्या सम्राटाने सहलीची व्याख्याच बदलली आणि ती दगडात कोरून आमच्या किनाऱ्यावर उभी केली. आज आम्हाला ट्रॅव्हल कंपनीचे माहितीपत्रक पाठ असते, पण हा दगड ठाऊक नसतो. याला काय म्हणावे?

कुणी म्हणेल, वकीलसाहेब, माणसाने मौज करूच नये काय? जरूर करावी. अशोकानेही आनंद सोडला नाही, त्याने आनंदाचे कारण बदलले. कष्टकरी माणसाला विश्रांतीचा हक्क आहे आणि समुद्रावर मुलांना पळताना पाहण्यात काही पाप नाही. पण प्रवास ही आमच्यासाठी नुसती मौजेची गोष्ट कधीच नव्हती, हे विसरून चालणार नाही.

बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटेखानी आत्मकथन ज्यांनी वाचले असेल त्यांना हे सांगायला नको. ते जवळजवळ सगळे प्रवासाचेच लेखन आहे. १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांबरोबर वडिलांना भेटायला रेल्वेने निघाला. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळली आणि बैलगाडीवाला मिळेना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक तयार झाला, तोही गाडी मुलांनी हाकावी आणि आपण पायी चालावे या अटीवर. वाटेत त्या मुलांना पाणी मिळाले नाही. पुढे १९३४ साली बाबासाहेब कार्यकर्त्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले असता दौलताबादला थांबले. किल्ल्याजवळच्या तळ्यावर हातपाय धुतले म्हणून तळे बाटल्याचा गिल्ला झाला. किल्ल्यात पाण्याला शिवणार नाही या अटीवर, सोबत शिपाई देऊन त्यांना आत सोडले. कोलंबिया विद्यापीठातून आणि लंडनहून सर्वोच्च पदव्या घेऊन आलेला माणूस स्वतःच्या देशात पर्यटक होऊ शकत नव्हता!

म्हणूनच संविधानाच्या कलम १५ (२) कडे आम्ही वेगळ्या नजरेने पाहतो. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांच्या वापराला धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून आडकाठी करता येणार नाही, असे ते कलम सांगते. कायद्याच्या विद्यार्थ्याला ती एक यादी वाटेल. आम्हाला त्या यादीत मसूरचे स्टेशन दिसते, दौलताबादचे तळे दिसते, महाडचे चवदार तळे दिसते. कलम १९ (१) (ड) ने देशभर मुक्त संचाराचा हक्क दिला, कलम १७ ने अस्पृश्यता गाडली आणि १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने अशी आडकाठी हा गुन्हा ठरवला. आपण हॉटेलच्या खोलीची किल्ली हातात घेतो ना, ती या कलमांनी दिलेली किल्ली आहे. ज्याला हे ठाऊक आहे तो प्रवासात दुसऱ्याच्या हक्काची पायमल्ली करणार नाही.

आणि नेमकी तीच पायमल्ली दातिवऱ्यासारख्या किनाऱ्यांवर होते. शनिवार-रविवारी शहरातून गाड्या भरून माणसे येतात. वाळूत बाटल्या फोडतात, मासळी सुकवायच्या जागेवर गाड्या घालतात, गाणी लावून धिंगाणा करतात आणि सोमवारी निघून जातात. गावाच्या वाट्याला काचा उरतात. ही आजची विहारयात्रा! शिकार आता हरणांची होत नाही, गावाची होते.

या किनारपट्टीवर उद्या काय येऊ घातले आहे, तेही पाहा. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बुलेट ट्रेनची विरार आणि बोईसर ही स्थानके याच जिल्ह्यात आहेत. २०२५ मध्ये विरारच्या मारंबळपाड्याहून खाडीपलीकडे सफाळ्याकडच्या जलसारला रो-रो बोट सुरू झाली आणि रस्त्याचा मोठा वळसा वाचला. माणसे येणार, पैसा येणार, जमिनीचे दलाल तर सर्वांच्या आधी येणार. म्हणून इथल्या कोळी, मांगेला, भंडारी आणि आदिवासी बांधवांना आमचे वकील म्हणून सांगणे आहे. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीच्या नावावर परवानगीशिवाय करता येत नाही, जमीन महसूल संहितेची कलमे ३६ आणि ३६-अ त्यासाठीच आहेत. भरती-ओहोटीचा पट्टा कुणाच्या बापाच्या मालकीचा नाही आणि तिथे कुणाचे कुंपण चालत नाही. सातबारा विकून स्वतःच्या जागेवर उभ्या राहिलेल्या रिसॉर्टचा पहारेकरी होण्यापेक्षा स्वतःच्या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्याव्यात, घरचे कालवण वाढावे. राज्याच्या पर्यटन खात्याची न्याहारी-निवास योजना आहे, तिची चौकशी करावी. पाहुण्याचा पैसा गावात राहिला पाहिजे.

हा विचार आमच्या पदरचा नाही. तोही अशोकाचाच. अभिषेकाच्या विसाव्या वर्षी सम्राट लुंबिनीला गेला, स्तंभ उभारला आणि तथागतांचा जन्म इथे झाला म्हणून त्या गावाला बली नावाचा कर माफ केला, शेतसारा आठव्या हिश्श्यावर आणला. प्रवासी आला आणि गावाचा बोजा हलका करून गेला. आम्ही कुठे जाऊन कुणाचा बोजा हलका केला, याचा हिशेब प्रत्येकाने घालावा.

मग जावे कुठे? आमची सूचना साधी आहे. सुरुवात घराजवळून करा. पालघर, बोईसर, सफाळे परिसरातील बौद्धजन मंडळांनी आणि महिला मंडळांनी एक रविवार काढावा. डहाणूपर्यंत लोकल २०१३ पासून धावते. सकाळी नालासोपारा गाठावे, पश्चिमेला सोपाऱ्याच्या स्तूपापाशी बसावे, मुलांना आठव्या लेखाची गोष्ट सांगावी. बाहिय दारुचीरिय याच सुप्पारकच्या समुद्रकाठी राहत होता आणि बुद्धांना भेटण्यासाठी इथून थेट श्रावस्तीपर्यंत गेला, हे उदान ग्रंथात आहे. आमच्या किनाऱ्यावरचा तो पहिला धम्मयात्री! दुसऱ्या रविवारी कान्हेरीची लेणी. तिसऱ्या रविवारी मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जिथे सोपाऱ्याचा शिलालेख ठेवला आहे, आणि तिथून राजगृह व चैत्यभूमी. या तीन सहलींना मिळून विमानाच्या तिकिटाइतकाही खर्च येत नाही.

दोन दिवसांची सवड असेल तर महाड. अथवा नाशिकची त्रिरश्मी लेणी आणि येवला, जिथे १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. सवड अधिक असेल तर वेरूळ-अजिंठा, नागपूर, सांची.

त्यापुढे चार महास्थाने. लुंबिनी, बोधगया, सारनाथ, कुशिनारा ही स्थाने श्रद्धावंताने पाहावीत, असे महापरिनिब्बान सुत्तात आहे. लुंबिनी नेपाळात आहे, पण भारतीय नागरिकाला त्यासाठी व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ असावे. बोधगयेला जाल तेव्हा फक्त फोटो काढून येऊ नका. १९४९ च्या कायद्याने महाविहाराच्या व्यवस्थापन समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी अशी रचना केली आहे. व्यवस्थापन बौद्धांच्या हाती यावे म्हणून २०२५ मध्ये तिथे भिक्खू उपोषणाला बसले. त्या प्रश्नाची विचारपूस करणे, हीच आजची धम्म-परिपृच्छा होय.

आणि परदेशीच जायचे असेल तर श्रीलंकेला जा. अनुराधपूरला बोधिवृक्ष आहे, त्याची फांदी सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा थेरीने नेली, असे परंपरा सांगते. बाबासाहेब १९५० साली लंकेला गेले, १९५४ साली ब्रह्मदेशात रंगूनला गेले आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला, तेही प्रकृती खंगलेली असताना. तिन्ही ठिकाणी ते बौद्ध जगाशी नाते जोडायला गेले होते. ज्यांची मुले लंडनला शिकतात त्यांनी किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर जरूर पाहावे. बाबासाहेब विद्यार्थी म्हणून तिथे राहिले होते आणि महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली विकत घेतले.

जाता जाता कायद्याच्या दोन गोष्टी. आमच्याकडे दरवर्षी एक तरी गट येतो. पैसे गोळा करून कुणाला तरी दिलेले असतात, पावती नसते, कबूल केलेली गाडी आलेली नसते आणि म्हातारी माणसे परक्या गावी ताटकळलेली असतात. धम्माच्या नावाने सहल काढली म्हणून हिशेब मागायचा नाही, असे कुठल्याही सुत्तात लिहिलेले नाही! पैसे बँकेतून द्या, पावती घ्या, मुक्काम-जेवण-वाहन यांचा तपशील लेखी घ्या. फसवणूक झाली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क पडत नाही. दुसरी गोष्ट, कर्ज काढून सहल करू नका. हप्ते मुलांच्या फीच्या आड येतात.

बंधू-भगिनींनो, पुढच्या सुट्टीत कुठेही जा, पण परत आल्यावर आठव्या लेखातले चार प्रश्न स्वतःला विचारा. कुणाला भेटलो? काय दिले? काय शिकलो? आणि त्या गावच्या माणसांची विचारपूस केली का? चारपैकी दोनांची उत्तरे जरी आली तरी तुमची सहल धम्मयात्रेच्या वाटेवर आहे असे समजा. एकही आले नाही तर थायलंड काय आणि दातिवरे काय, ती विहारयात्राच.

जयभीम! नमो बुद्धाय!