मोडलेले हाड आणि तुटलेली धमनी

बीदर जिल्ह्यात, बसवकल्याण तालुक्यात, कलबुर्गीच्या सीमेकडे मंठाळ हे गाव आहे. अशा गावांत पाय मोडण्याची कारणे पूर्वी झाड, विहीर आणि बैलगाडी एवढीच असत. आता त्यांत मोटारसायकल, मळणीयंत्र आणि उसाने लादलेला ट्रॅक्टर यांची भर पडली आहे. पाय मोडला की प्रथम हाडवैद्याची आठवण होते. त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. साधे, न सरकलेले हाड स्थिर बांधून ठेवले की निसर्गच ते सांधतो. घात होतो तो हाडाबरोबर धमनीही सापडते तेव्हा.

मांडीची मुख्य धमनी गुडघ्यामागच्या खळगीतून पोटरीत उतरते. तेथे ती वर आणि खाली अशी दोन्हीकडे जखडलेली असते. गुडघा निखळला किंवा त्यालगतचे हाड मोडले, की तिला सरकण्यास वाव उरत नाही. ती तुटते, चिरडते. किंवा बाहेरून अखंड दिसत असता तिचे आतले अस्तर फाटते व तेथे रक्ताची गुठळी धरते. हा शेवटचा प्रकार मोठा फसवा. निखळलेला गुडघा कधी आपोआप जागेवर बसतो, एक्स-रेत हाड धड दिसते, रक्ताचा थेंबही बाहेर येत नाही, आणि इकडे पावलाचा रक्तपुरवठा बंद पडलेला असतो. अखंड धमनीचीही हीच गत कामट्यांच्या करकचून बांधलेल्या पट्टीने होऊ शकते. हाडाला काही दिवसांची उसंत असते. रक्तावाचून राहिलेले स्नायू मात्र सुमारे ६ तासांनंतर कायमचे मरू लागतात.

धमनी शिवता येते हे फ्रेंच शस्त्रवैद्य आलेक्सी कॅरेल यांनी १९०२ मध्ये दाखविले. १९१२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तरीही दुसऱ्या महायुद्धात ती बहुधा बांधूनच टाकीत. अमेरिकन सैन्यातील २,४७१ धमनी-जखमांचा हिशेब १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी शेकडा सुमारे ४० जखमींचे अवयव कापावे लागले होते. कोरियाच्या युद्धात धमनी शिवण्याचा परिपाठ पडला आणि हे प्रमाण शेकडा १३ च्या आसपास आले. त्यात टाक्यांबरोबर जखमीला त्वरेने उचलून आणणाऱ्या हेलिकॉप्टरांचाही वाटा होता.

शस्त्रक्रियेत आधी हाड की धमनी, हा खरा पेच. हाड डळमळते तर टाके उसवतील. हाड बसवीत बसले तर स्नायू मरतील. म्हणून पुष्कळदा धमनीच्या दोन टोकांत प्लॅस्टिकची बारीक नळी बसवून रक्त तात्पुरते वाहते करतात. मग हाडात पिना रोवून त्या बाहेरून दांड्याला जखडतात, आणि नंतर दुसऱ्या पायातील शिरेचा तुकडा धमनीत जोडतात. शिरेतील झडपा रक्ताला एकाच दिशेने सोडतात, म्हणून तो तुकडा उलटा करून लावावा लागतो. रक्त पुन्हा सुरू होताच पोटरी सुजते आणि स्नायूंवरील चिवट आवरणाखाली रक्तवाहिन्या दाबल्या जातात. ते आवरण लांब चिरून मोकळे ठेवतात. त्या उघड्या जखमा पाहून नातेवाईक घाबरतात. पाय वाचतो तो बहुधा त्यांमुळेच.

मंठाळहून बीदर, कलबुर्गी किंवा सोलापूर गाठण्यात त्या ६ तासांतील बराच भाग वाटेतच जातो. रक्त उसळत असेल तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. पाय फळीच्या आधाराने स्थिर करावा, पण बोटे उघडी ठेवावीत. पावलाच्या पाठीवर, अंगठा व शेजारचे बोट यांच्या रेषेत, नाडी चाचपावी आणि दोन्ही पावलांची ऊब ताडून पाहावी. पाऊल थंड, फिकट वा बधिर असेल, तर १०८ क्रमांकावर तसे स्पष्ट सांगावे, आणि धमनी शिवणारा शस्त्रवैद्य कोठे आहे हे विचारूनच गाडी वळवावी. नाडी लागली तरी एकदा पाहून भागत नाही. गुठळी मागाहूनही धरते, तेव्हा वाटेत ती पुन्हा पुन्हा चाचपीत राहावे.