अंगणातली भाषा

मूल बोलावयास शिकते ते कोणी धडा दिला म्हणून नव्हे, तर त्याच्या बोलण्यास कोणी उत्तर दिले म्हणून. वर्षाच्या सुमारास पहिला शब्द, दोन वर्षांच्या आसपास दोन शब्दांची जोडणी, हा क्रम बहुतेक मुलांत दिसतो. परंतु शब्दांचा साठा किती वाढेल, हे भोवतालची माणसे त्याच्याशी किती बोलतात यावर पुष्कळ अंशी अवलंबून असते. तेव्हा हे काम एकट्या आईचे नाही, तसेच एकट्या शाळेचेही नाही.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी काम आरंभिले. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. तीच अंगणवाडी होय. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने हे नाव देशभर नेले.

आता आपल्या धाराशिव जिल्ह्याकडे पाहू. उमरग्याकडे सीमेलगत कित्येक घरांत कन्नड, तांड्यांवर गोरमाटी, मोहल्ल्यांत दखनी बोलली जाते. अशा मुलास अंगणवाडीतील मराठी ही दुसरी भाषा असते. तीच एकदम रेटली तर ते गप्प बसते, आणि गप्प बसलेल्या मुलावर मंदबुद्धीचा शिक्का चटकन मारला जातो. तांड्यावरील एखाद्या आजीने आपल्या बोलीत गोष्ट सांगावी व सेविकेने तीच मराठीत सांगावी, म्हणजे घरची भाषा न तुटता नवी जोडली जाते. मूल हाकेला वळत नसेल तर मात्र आधी त्याचे कान तपासून घ्यावेत.

ऊसतोडीचा प्रश्न याहून कठीण आहे. दिवाळीच्या सुमारास कळंब, वाशी, भूम भागांतील कुटुंबे कारखान्यांकडे निघतात. कोपीवरील तान्हे मूल दिवसभर थोरल्या भावंडाच्या हवाली असते, आणि ते भावंडही लहानच! गावी ठेवलेल्या मुलांकडे शेजाऱ्यांनी व सेविकेने लक्ष द्यावे. ग्रामपंचायतीने जागा व सतरंजी, गावच्या वाचनालयाने चित्रांची पुस्तके पुरवावीत. शहरातील सुशिक्षितांनी आठवड्याची एक दुपार जवळच्या अंगणवाडीस दिली, तरी कित्येक मुलांच्या प्रश्नांना उत्तर देणारे माणूस मिळेल.