भरपगारी रजेचा कागद

दवाखान्यात आलेल्या गरोदर स्त्रीचे वजन केले जाते, रक्तदाब मोजला जातो, रक्त तपासले जाते. परंतु ‘बाई, आपण कुठे कामाला जाता का?’ हा प्रश्न मात्र पुष्कळदा राहून जातो. वास्तविक तिच्या व बाळाच्या प्रकृतीचा विश्रांतीशी जितका संबंध आहे, तितकाच त्या विश्रांतीच्या काळात घरात येणाऱ्या पगाराशीही आहे. औषध देणारा हात येथे कसा साह्यभूत होऊ शकतो, ते पाहावयाचे आहे.

हा हक्क एका दिवसात आलेला नाही. मुंबई इलाख्यात १९२९ साली प्रसूती-लाभाचा कायदा झाला. त्या विधेयकाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२८ साली विधिमंडळात बोलले होते. देशव्यापी कायदा १९६१ साली झाला आणि २०१७ साली रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. त्या तरतुदी आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आहे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असले, की हक्क उत्पन्न होतो. दोन वा अधिक अपत्ये हयात असल्यास मात्र रजा बारा आठवड्यांचीच मिळते.

या हक्काची किल्ली एका तारखेत आहे. अपेक्षित तारखेपूर्वी जास्तीत जास्त आठ आठवडे रजा घेता येते आणि त्या काळाची रक्कम गरोदरपणाचा पुरावा दिल्यावर आगाऊ मिळावयाची असते. बाकीची रक्कम प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत द्यावी लागते. म्हणजे डॉक्टरांनी सुवाच्य अक्षरांत लिहिलेली तारीख ही केवळ नोंद नव्हे. तिच्यावर एका घराचा महिन्याचा किराणा अवलंबून असतो. मालकाला द्यावयाच्या सूचनेत रजेचा आरंभ कधी, पैसे कोणाच्या हाती द्यावयाचे आणि रजेच्या काळात अन्यत्र काम करणार नाही, एवढेच लिहावयाचे असते. परिचारिका किंवा समाजसेविका पाच मिनिटे शेजारी बसली, तर हा मजकूर सहज पुरा होतो. सूचना वेळेवर दिली नाही म्हणून हक्क बुडत नाही; ती प्रसूतीनंतरही देता येते. ‘आता उशीर झाला’ असे समजून गप्प बसणाऱ्या स्त्रीला हे सांगणे फार मोलाचे आहे.

याहून अवघड प्रसंग गर्भपाताचा. त्यानंतर सहा आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक स्त्रिया दुःख गिळून दोन-चार दिवसांतच कामावर रुजू होतात. अशा वेळी परिचारिकेने शांतपणे रजेविषयी सांगावे, प्रमाणपत्र मागण्याची वाट न पाहता ते करून द्यावे, आणि झाली गोष्ट तिच्या संमतीवाचून कोणाच्याही कानी जाऊ देऊ नये.

रुग्णाच्या घरच्या अडचणी पाहणे हेही रुग्णालयाचे काम आहे, ही जाणीव आपल्याकडे नवी नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ सालीच वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली होती. मात्र साह्य करणाऱ्याने मर्यादाही ओळखावी. दयेपोटी खोटी तारीख घालू नये. एक खोटा कागद पुढच्या दहा खऱ्या कागदांवर संशय आणतो.

घरकाम वा शेतमजुरी करणाऱ्या असंख्य स्त्रियांना अशी रजा मिळत नाही, हे खेदाने म्हणावे लागते. त्यांच्यासाठी २०१७ पासून पहिल्या अपत्याच्या वेळी ५,००० रुपयांची प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे, आणि तिच्या अर्जासाठी अंगणवाडी सेविकेचा आधार घेता येतो. ही रक्कम म्हणजे पगार नव्हे. तरी तीही मिळावयाची, तर कोणीतरी आधी विचारावयास हवे.

कायदा करणे हे विधिमंडळाचे काम. परंतु तो उंबऱ्यापर्यंत पोचवणे हे बहुधा दवाखान्यातल्या त्या एका प्रश्नाचे काम असते. तो प्रश्न केसपेपरावर नावापाठोपाठच विचारला जावा.