नाशिकच्या वहीतले खापरपणजोबा

भाद्रपदाचा कृष्णपक्ष लागला की घरोघरी पितरांची आठवण जागी होते. दर्भ मांडले जातात, गुरुजी संकल्प सांगू लागतात आणि पिता, पितामह, प्रपितामह अशी तीन पिढ्यांची नावे उच्चारावयाची वेळ येते. तेथे पुष्कळदा यजमान अडखळतो. वडिलांचे नाव ओठांवर असते, आजोबांचे आठवते, पणजोबांसाठी वृद्ध आत्याकडे पाहावे लागते. आणि पणजीचे नाव विचारले तर आत्याही गप्प होते.

शास्त्रकारांना ही अडचण ठाऊक होती. नावे माहीत नसतील तर पृथिवीषद, अंतरिक्षसद आणि दिविषद, म्हणजे पृथ्वीवर, अंतरिक्षात व द्युलोकात वसणारे पितर, असा उच्चार करून पिंड द्यावेत, अशी उदार सोय त्यांनी करून ठेवली आहे. तथापि सोय आहे म्हणून शोधच करू नये, असे मात्र नव्हे. या शोधात आम्हांला जे गवसले ते आज भाविक वाचकांपुढे ठेवावयाचे आहे. त्यात आमच्या एका चुकीची कबुलीही आहे.

आमच्या घराण्यात पाच पिढ्या कीर्तन चालत आले. खापरपणजोबांविषयी घरात एक कथा होती. मोठ्या दुष्काळात त्यांना वैराग्य झाले, संसार सोडून ते काशीस गेले आणि तेथे त्यांनी संन्यास घेतला. यतींचा महालय द्वादशीला करावा, असे धर्मसिंधूत सांगितले आहे. तो ग्रंथ १७९० साली काशीनाथ उपाध्यायांनी लिहिला, ते तर आमच्या पंढरपूरचेच. त्याप्रमाणे आमच्याकडे द्वादशीला संन्याशाला भिक्षा घालून खापरपणजोबांचे स्मरण होत असे. चाळीस वर्षे आम्ही उत्तररंगात वैराग्याचे आख्यान लावले की ही कथा अभिमानाने सांगत आलो. श्रोत्यांचे डोळे भरून येत. आमचेही येत.

काही वर्षांपूर्वी कीर्तनाच्या निमित्ताने नाशिकला जाणे झाले. गोदास्नान आटोपून आम्ही तीर्थोपाध्यायांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बुवा, मूळ गाव कोणते?" आम्ही पंढरपूर म्हणालो. ते हसून म्हणाले, "ते हल्लीचे. आधीचे सांगा." सांगोल्याकडचे गाव सांगितले, आडनाव आणि गोत्र सांगितले. थोड्या वेळाने लाल कापडात बांधलेली एक लांबट वही पुढे आली.

या वह्यांची रीत वाचकांना ठाऊक असेल. यात्रेकरूने क्षेत्री आले की आपला लेख लिहून द्यावयाचा. स्वतःचे नाव, वडील, आजोबा, भाऊ, मुले, गाव, तिथी आणि येण्याचे कारण. पुढच्या पिढीतला कोणी आला की त्याने मागचा लेख वाचावा आणि खाली आपला जोडावा. नाशिक, गया, प्रयाग, हरिद्वार अशा क्षेत्रांत उपाध्यायांच्या घराण्यांनी ही दप्तरे पिढ्यान् पिढ्या सांभाळली.

आमच्या घराण्याचे दोन लेख निघाले. दोन्ही मोडीत.

पहिला शके १७९४, अंगिरा नाम संवत्सराचा, म्हणजे इसवी सन १८७२ चा. ते सिंहस्थाचे वर्ष. लेख खापरपणजोबांच्या हातचा, अक्षर टपोरे. सोबत पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. सारा संसार घेऊन गृहस्थ पर्वणीला आला होता. पत्नीचे नाव स्पष्ट होते. आमच्या घरातून ते नाव केव्हाच पुसले गेले होते.

दुसरा लेख शके १७९९ च्या कार्तिकातला, ईश्वर नाम संवत्सराचा. अक्षर लहान मुलाचे, ओळी खाली घसरलेल्या. हा आमच्या पणजोबांचा हात. तेव्हा त्यांचे वय अवघे तेरा वर्षांचे. मातोश्री फाल्गुनात गेल्या, तीर्थरूप आषाढ वद्य सप्तमीस गेले, दोघांच्या अस्थी घेऊन मामांबरोबर आलो, असा मजकूर. बहिणीचे नाव या लेखात नव्हते.

आम्ही त्या ओळींकडे पाहत राहिलो. संन्याशाचा दाहसंस्कार होत नाही. त्याला भूमीत किंवा जलात समाधी देतात. म्हणजे त्याच्या अस्थी गोदावरीस येण्याचा प्रश्नच नाही. एका वाक्याने आमचे सारे आख्यान मिटले. खापरपणजोबा काशीस गेले नव्हते. १८७६ साली पाऊस गेला आणि १८७८ पर्यंत दख्खन होरपळली. सोलापूरकडचा मुलूख त्यात फार भाजला. त्या दुष्काळात ते आपल्या माणसांत, गृहस्थ म्हणूनच गेले. मुले मामांच्या आधाराने पंढरपुरास आली आणि आमचे घर येथले झाले.

मग काशीची कथा कोणी रचली? धाकट्या भावाने "बाबा कुठे गेले?" असे विचारल्यावर तेरा वर्षांच्या पणजोबांनीच ती सांगितली असावी, असे आमच्या मनाला वाटते. तसे असेल तर ती कथा खोटी म्हणवत नाही. ते एका पोराने दुसऱ्या पोराला घातलेले पांघरूण होते. आम्ही मात्र त्या पांघरुणाची शाल करून मिरवली.

तेव्हापासून आमच्याकडे त्यांचे स्मरण सप्तमीस होते. खापरपणजी पतीच्या आधी गेल्या, म्हणून त्यांच्या नावे अविधवा नवमीला सवाष्ण जेवते. उत्तररंगातून ती वैराग्याची कथा आम्ही काढून टाकली. ज्यांनी ती आमच्या तोंडून ऐकली, त्यांनी आज ही दुरुस्ती स्वीकारावी.

ज्यांना असा शोध घ्यावयाचा आहे त्यांनी आधी घरातले पाहावे. जुन्या पोथीचे शेवटचे पान उलटावे. तेथे लेखकाचे नाव, शक आणि संवत्सर बहुधा असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथींना मात्र बहुधा ७९ मिळवावे लागतात. म्हणूनच शके १७९८ चा फाल्गुन १८७७ त पडतो. संवत्सराचे नाव शकाशी जुळते का तेही पाहावे. न जुळल्यास वाचनात किंवा लेखनात कोठे तरी चूक आहे. जन्मपत्रिका, वतनाचे कागद, कुलवृत्तांत हे सारे उपयोगी. मोडी येत नसेल तर जाणकाराला गाठावे. क्षेत्री जाताना मूळ गाव आणि जुने आडनाव विचारून जावे, कारण वही त्यांवरूनच उघडते.

आणि वही पुढे आली की आपला लेख पुरा लिहावा. आम्ही त्या दिवशी पणजोबांच्या घसरत्या ओळींखाली पत्नीचे, सुनेचे, लेकींचे आणि नातीचे नाव लिहिले. उपाध्याय म्हणाले, "बुवा, जागा पुष्कळ घेतलीत." आम्ही म्हणालो, "मागच्यांची राहिली होती, तीही घेतली."