विमान आणि रॉकेट : एका शिक्षणाच्या दोन वाटा



डोक्यावरून विमान गेलं की हातातलं खुरपं थांबवून आपण वर बघतोच. अशी आकाशात जाणारी यंत्रं बनवायच्या शिक्षणाला एरोस्पेस इंजिनिअरिंग म्हणतात. त्याच्या दोन मुख्य शाखा आज आम्ही सांगणार आहोत.

पहिली शाखा हवेत उडणाऱ्यांची. विमान, हेलिकॉप्टर, ड्रोन. विमानाचे पंख हवा खाली ढकलतात, म्हणून विमान वर उचललं जातं. इंजिनात इंधन जळायलाही हवा लागते, जशी चुलीला फुंकणीची फुंकर.

दुसरी शाखा हवेच्या पलीकडची. रॉकेट, उपग्रह, अंतराळयान. तिथे हवाच नाही. म्हणून रॉकेट इंधनासोबत ऑक्सिजनचीही सोय घेऊन निघतं. चुलीनं आपली फुंकर पदरात बांधून न्यावी, तसं! वादळाचा इशारा आपल्याला वेळेत मिळतो, त्यात उपग्रहाचा मोठा वाटा असतो.

दोन्हीकडे कामं वाटलेली असतात. कुणी हवेचा प्रवाह अभ्यासतं, कुणी इंजिन, कुणी हलका पण मजबूत सांगाडा, तर कुणी दिशा सांभाळणारी यंत्रणा.

हरियाणातल्या कर्नालची कल्पना चावला या दोन्ही वाटा चालली. १९८२ मध्ये चंदीगडला तिनं विमानशास्त्राची पदवी घेतली, पुढे अमेरिकेत डॉक्टरेट केली आणि १९९७ मध्ये ती अंतराळात गेली. २००३ मध्ये ती पुन्हा कोलंबिया यानातून गेली. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. १ फेब्रुवारीला परतताना यान वेगानं हवेत शिरलं, तेव्हा प्रचंड तापलेली हवा त्या भोकातून पंखात घुसली. यान तुटलं. कल्पनासह सातही जण गेले. फोम याआधीही सुटत असे, पण ते ‘नेहमीचंच’ मानलं गेलं, हे चौकशीत पुढे आलं.

यान अंतराळातलं, पण घात झाला हवेत. म्हणूनच या दोन शाखा सख्ख्या बहिणींसारख्या, एकीला दुसरीवाचून चालत नाही. आणि छोट्या चुकीला ‘चालतंय’ म्हणायचं नाही, हा धडा तर आपल्यालाही आहे.

हे शिकायला अकरावी-बारावीत विज्ञान शाखा आणि गणित हवं. मुंबईच्या आयआयटीतही हा विभाग आहे. तेव्हा घरातली पोर ‘मला गणित आवडतं’ म्हणाली, तर तिला अडवू नका. पुन्हा भेटू!