शिळं पाणी

सोलापुरात सगळ्यात जास्त पाणी वाया जातं ते नळ येतो त्या दिवशी. कुठं तीन, कुठं चार, उन्हाळ्यात कुठं पाच दिवसांआड पाणी मिळणाऱ्या शहराबद्दल हे बोलणं आगाऊपणाचं वाटेल. पण पाणी सुटायच्या वेळेला आमच्या गल्लीत येऊन उभं राहा. ‘पाणी आलं!’ अशी आरोळी उठते. पलीकडच्या घरातून तेच तेलुगूत, कोपऱ्यावरून कन्नडमध्ये, ‘नीरु बंतु!’ आणि पाच मिनिटांत बॅरल आडवे व्हायला लागतात. चार दिवस तांब्या तांब्या मोजून वापरलेलं पाणी पायऱ्यांवरून, दुचाकीवरून, रस्त्यावरून गटारीला लागतं. ताजं आलंय ना, मग हे शिळं.

तेच पाणी इथवर कसं येतं ते बघितलं तर जीव हळहळतो. उजनी धरणापासूनची जलवाहिनी शंभर किलोमीटरहून लांब. दुसरा मार्ग भीमेच्या पात्राचा: धरणातून नदीत सोडायचं, औज बंधाऱ्यात अडवायचं, टाकळीहून उपसायचं; त्यात वाटेतली वाळू, ऊन आणि काठावरचे पंप आपापला वाटा काढून घेतात. तिसरा हिप्परग्याचा एकरूख तलाव, १८७१ साली पुरा झालेला, अजून कामाला. इथला स्वतःचा पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही लहरी, म्हणून सोलापूरकर पावसाळ्यात पुण्याकडं डोळे लावून बसतो. तिकडची धरणं भरली की उजनीत पाणी येतं. ‘उजनी प्लसमध्ये आली काय?’ हा प्रश्न चहाच्या टपरीवरही चालतो. २०२४च्या उन्हाळ्यात ती उणे साठ टक्क्यांपर्यंत उतरली होती. धरणाचा मृत साठाच, म्हणजे शून्य टक्क्यांच्या खालचं पाणी, ६३ टीएमसीवर असल्यामुळं उणेमध्ये जाऊनही नळ चालू राहतात, एवढंच.

आमच्या घरी नळाच्या आदल्या संध्याकाळी काम सुरू होतं. न्हाणीतल्या मोठ्या बॅरलला बाहेरून टिचकी मारत खाली यायचं. आवाज बदलतो तिथं पाण्याची पातळी. उरलेलं पाणी जुन्या सुती लुगड्याच्या दुहेरी घडीतून बादल्यांत गाळायचं. एक बादली भांड्यांच्या पहिल्या खळबळीला, एक फरशीला, एक संडासाला. उरेल ते कुंड्यांना. बॅरल रिकामा झाला की खरं काम. आत डोकं घालून काथ्यानं कडा घासायच्या, विशेषतः पाणी जिथवर होतं त्या रेषेच्या जरा वर.

ही रेषा महत्त्वाची. डेंग्यूचा डास अंडी पाण्यात सोडत नाही, पातळीच्या किंचित वर ओलसर भिंतीला चिकटवतो. काळे ठिपके, मोहरीपेक्षाही कितीतरी बारीक, काजळी लागल्यासारखे. ती अंडी कोरडी पडूनही महिनोन्‌महिने तग धरतात आणि पाणी चढून त्यांच्यापर्यंत पोचलं की फुटतात. पुढं डास उडायला आठ-दहा दिवस. आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतं ते याच हिशेबानं. म्हणजे बॅरल रिकामा करायची आमच्या गल्लीची खोड मुळात शहाणपणाचीच, पण अर्धीच. नुसतं पाणी ओतून देऊन वरून ताजं भरलं तर अळ्या गेल्या, अंडी राहिली, आणि नवं पाणी नेमकं त्यांना भिजवायला वर आलं. घासायचे कष्ट टाळून पाणी मात्र घालवलं.

अळ्या ओळखायला सोपं आहे. झाकण उघडून जरा उजेड पडू द्यायचा आणि बॅरलला थाप मारायची. पृष्ठभागाला शेपटीनं लटकलेले बारीक दोरे एकदम वळवळत तळाला जातात, आणि थोड्या वेळानं श्वासासाठी एकेक करून पुन्हा वर. हे एकदा शेजारच्या काकूंना दाखवलं. त्या त्यांचा बॅरल ओतायच्या तयारीत होत्या.

‘अगं, ठेवून काय करतीस ते? वास मारतंय की!’

‘काकू, वास पाण्याला नाही, बॅरलला आहे. आतून बोट फिरवून बघा.’

बोटाला बुळबुळीत थर आला. काकूंनी तो थर, मग माझ्याकडं, मग पुन्हा थर असं बघितलं आणि पाणी ओतलंच. पण त्या दिवशी बॅरल घासला. पुढच्या वेळेला बादली पुढं केली आणि म्हणाल्या, ‘गाळून दे, झाडांना घालते.’ पर्यावरणावर बोलले असते तर हसल्या असत्या. झाकून ठेवलेलं, हात न बुडवता दांड्याच्या ओगराळ्यानं काढलेलं पाणी चार दिवसांत नासत नाही, हे त्यांच्या आईला पक्कं ठाऊक असणार. माठावरचं झाकण आणि ओगराळं काय शोभेला होतं?

प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि झाडं लावणं यावर आपल्याकडं मिरवणूक निघते. बॅरल घासण्यावर निघणार नाही. ते बायकांचं काम. नळाच्या वेळेला कुणीतरी घरी असावंच लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे बहुतेक घरची बाई. शहराच्या पूर्व भागातली विडी कामगार बाई अशा दिवशी पानं कापत, विड्या वळत एक कान तोटीकडं ठेवून बसते. पाणी उशिरा आलं तर विड्या कमी होतात आणि मजुरीही. एक गोष्ट मात्र तिथं फिरताना लक्षात येते. ज्या खोलीत चार घागरी आणि एक कळशी एवढीच साठवण, तिथं शिळं पाणी उरतच नाही. नळाच्या दिवशी घागरी आधीच उपड्या झालेल्या असतात. ओतून देण्याची चैन पाचशे-हजार लिटरच्या टाक्या असणाऱ्या घरांची, त्यात आमचंही आलं.

अशा घरांत पाणी शुद्ध करायचं आरओ यंत्रही असतं. ते एक लिटर पिण्याचं देताना त्याहून जास्त टाकून देतं. त्याची बारीक नळी आम्ही सिंकमधून काढून कॅनमध्ये सोडली आहे. त्या पाण्यात क्षार गोळा झालेले असतात, म्हणून ते कुंड्यांना नाही. फरशी आणि संडास. कॅन किती लवकर भरतो हे बघितल्यावर घरात कुणी अर्धा पेला पिऊन उरलेलं ओतत नाही.

उन्हाळ्यात ही सगळी बचत कूलर पिऊन टाकतो. सोलापूरचं ऊन कोरडं, त्यामुळं कूलर इथं झकास चालतो. आणि हवा जितकी कोरडी तितकं पाणी जास्त उडतं. पारा चाळिशीच्या वर गेल्यावर रात्री दोन बादल्या कुठं गेल्या ते कळत नाही. गाळलेलं शिळं पाणी कूलरला घालतो, तळातली टाकीही दर आठवड्याला घासतो, कारण डासाला तीही चालते. आरओचं घालून बघावं म्हटलं तर जाळीवर पांढरा थर धरेल. कूलर बंद ठेवायचा ठराव घरात दरवर्षी मांडला जातो. मांडणारी मी एकटीच, आणि मेमध्ये तोही मागं घेते.