हेरफर्डशायरचे वेढे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंग्लंडचे यादवी युद्ध म्हटले की मार्स्टन मूर (१६४४) आणि नेसबी (१६४५) ही रणांगणे आठवतात. त्यामुळे वेल्सच्या सीमेवरच्या हेरफर्डशायरसारख्या शेतकरी परगण्याला या युद्धाची फारशी झळ लागली नसावी, असे वाटते. तसे मुळीच नाही. तिथे एवढी मोठी लढाई झाली नाही, पण शिबंदी, वेढे आणि वसुली वर्षानुवर्षे मानेवर बसली होती.

सगळा परगणा राजा चार्ल्सचा होता, हेही अर्धसत्य. ब्रॅम्प्टन ब्रायनचे हार्ले घराणे पार्लमेंटच्या बाजूचे. जुलै १६४३ मध्ये त्यांच्या गढीला वेढा पडला तेव्हा सर रॉबर्ट हार्ले लंडनला होते. गढी लढवली त्यांच्या पत्नी ब्रिलियाना यांनी. सुमारे सात आठवडे त्यांनी दाद दिली नाही. वेढा उठला, आणि ऑक्टोबरात त्या आजारपणात गेल्या. पुढच्या वर्षी दुसऱ्या वेढ्यात गढी पडली.

आणि रयत? मार्च १६४५ मध्ये हजारो गावकरी सोटे घेऊन हेरफर्ड शहराबाहेर जमले. राग होता राजाच्या शिबंदीच्या वसुलीवर. राजाच्याच फौजेने त्यांना मोडून काढले.

वेढ्याचा जाच फक्त तटाच्या आत होतो, हा समज तर सर्वांत चुकीचा. त्याच उन्हाळ्यात पार्लमेंटच्या दोस्त स्कॉटिश फौजेने हेरफर्डला सुमारे पाच आठवडे वेढा घातला. शहर पडले नाही. सैनिकांचे पगार थकलेले, दिवस सुगीचे. फौज पोसली ती भोवतालच्या खेड्यांनी. धान्य, जनावरे, घोडे गेले. गावोगावच्या नुकसानीच्या याद्या नंतर तयार झाल्या. त्या काळाचा खरा इतिहास मला त्या याद्यांतच दिसतो.

शहरे तोफांनीच पडत, असेही नाही. गुडरिचचा किल्ला १६४६ मध्ये ‘रोअरिंग मेग’ या उखळी तोफेच्या माऱ्यापुढे नमला खरा. हेरफर्ड मात्र १८ डिसेंबर १६४५ च्या बर्फाळ पहाटे कुदळींनी घेतले. किल्लेदाराने गावांतून मजूर मागवले होते, ही बातमी पार्लमेंटच्या कर्नल बर्चला लागली. त्याने मजुरांच्या वेशात शिपाई पाठवले. पूल खाली येताच त्यांनी पहारेकऱ्यांवर झडप घातली आणि जवळच दबा धरून बसलेली फौज आत घुसली. गावकऱ्यांना असे कामाला जुंपणे इतके नित्याचे होते, की वेशीवर कुणाला संशयच आला नाही.